गल्लीत फायबर कधी येतं? दिल्लीतला नियम आणि ठाण्यातला खड्डा

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या नव्या टॉवरमध्ये इंटरनेट घ्यायचं म्हटलं की तीन-चार कंपन्यांचे प्रतिनिधी लॉबीत टेबल टाकून बसतात. त्याच ठाण्यात कळव्याच्या एखाद्या चिंचोळ्या गल्लीत मात्र केबलवाल्याने झाडावरून आणि दिव्याच्या खांबावरून ओढत आणलेली वायर हाच काय तो पर्याय. खाडीपलीकडे नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात देशातली मोठी डेटा सेंटर उभी आहेत. अंतर पाहिलं तर हे सगळं एका रिक्षाच्या टप्प्यात आहे.

एका ठिकाणी कंपन्यांची रांग आणि दुसरीकडे कुणी फिरकत नाही, असं का होतं? “जिथे पैसा, तिथे कंपन्या” हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. कुठल्या गल्लीत घातलेला पैसा परत येईल, हे लोकांच्या ऐपतीइतकंच नियमांवरही ठरतं. त्यातले काही नियम दिल्लीत होतात, काही महापालिकेत आणि काही चक्क सोसायटीच्या कमिटीत. हे नियम फार कडक आहेत की फार सैल, यावरच आपल्याकडे वाद होतात. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न वेगळा आहे. आज जो नियम वाचून पैसा घातला, तो पैसा वसूल होईपर्यंत तसाच राहील का?

आधी तीन-चार शब्द

ब्रॉडबँड म्हणजे सतत चालू असणारं वेगवान इंटरनेट. सरकारी व्याख्येत २००४ साली त्याचा किमान वेग २५६ केबीपीएस होता. जानेवारी २०२३ पासून तो २ एमबीपीएस आहे. फायबर म्हणजे केसाहून फार जाड नसलेला काचेचा धागा, ज्यातून प्रकाशाच्या रूपात माहिती जाते. दूरसंचार कंपन्यांना परवाना देतो केंद्राचा दूरसंचार विभाग. नियामक म्हणजे ट्राय, १९९७ च्या कायद्याने स्थापन झालेली संस्था. दर, सेवेचा दर्जा आणि कंपन्यांनी एकमेकांशी जोडणी कशी करायची हे तिच्या हातात असतं. बाकीच्या बहुतेक विषयांत ती सरकारला फक्त शिफारस करते. शेवटचा शब्द आहे राइट ऑफ वे, म्हणजे रस्त्याखालून किंवा खांबावरून केबल नेण्याचा हक्क. ठाणे-नवी मुंबईतलं बरंचसं घोडं इथेच अडतं.

खड्ड्याचा हिशेब

पुढचे आकडे मी हिशेबापुरते धरले आहेत, खरे आकडे रस्त्यागणिक बदलतात. एक किलोमीटरचा रस्ता, दुतर्फा १० इमारती, प्रत्येकीत ६० घरं. खोदाई, पाइप, फायबर, इमारतीतली वायरिंग असं सगळं मिळून ३० लाख रुपये लागले. ६०० पैकी २०० घरांनी जोडणी घेतली, तर एका जोडणीमागे १५ हजार रुपये जमिनीत गेले. महिन्याच्या ५०० रुपयांच्या बिलातून वीज, माणसं, देखभाल, बँडविड्थ, कर हे सगळं वजा जाता २०० रुपये हाती उरले, तर पैसा परत यायला ७५ महिने लागतात. म्हणजे सव्वासहा वर्षं, आणि यात कर्जावरचं व्याज धरलेलंच नाही. जोडण्या १०० च मिळाल्या तर साडेबारा वर्षं. जोडण्या २०० मिळाल्या, पण परवानग्यांच्या पायी खर्च १५ लाखांनी वाढला, तर नऊ वर्षांच्या पुढे.

पुरलेली केबल उपसून दुसऱ्या गल्लीत नेता येत नाही. दुकान नाही चाललं तर माल विकून टाकता येतो, इथे तीही सोय नाही. म्हणून पैसा घालणारा पुढच्या महिन्याचा विचार करत नाही. सात, नऊ, बारा वर्षांत काय काय बदलू शकेल, याचा करतो. खर्च वाढवणारा नियम त्याला दिसतो, तो हिशेबात धरतो आणि दर ठरवतो. उद्या कोणता नियम येईल याचा अंदाजच येत नसेल, तर तो त्या गल्लीत पाऊलच टाकत नाही.

‘कमाई’ म्हणजे काय, यावर दोन दशकांचं भांडण

दिल्लीतला नियम गल्लीपर्यंत कसा पोचतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच देशात घडलं. १९९४ च्या धोरणानंतर आलेल्या खासगी कंपन्या बोलीत ठरलेलं ठोक परवाना शुल्क भरत. ते झेपेना, म्हणून १९९९ च्या नव्या धोरणाने ठोक रकमेऐवजी कमाईतला ठरावीक वाटा घ्यायचं ठरवलं. कल्पना चांगलीच होती. पण कमाईत काय काय मोजायचं? फोनची बिलं तर आलीच. बँकेतल्या ठेवीचं व्याज, जागेचं भाडं, भंगार विकून आलेले पैसे, हेही धरायचे का? सरकार हो म्हणत होतं, कंपन्या नाही म्हणत होत्या. या मोजलेल्या कमाईला एजीआर म्हणतात.

प्रकरण वर्षानुवर्षं न्यायालयात राहिलं. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्याख्या मान्य केली आणि सगळ्या कंपन्यांची मिळून सुमारे १.४७ लाख कोटी रुपयांची थकबाकी निघाली. त्यातला मोठा भाग मूळ रकमेचा नव्हताच, तो व्याज, दंड आणि दंडावरच्या व्याजाचा होता. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारनेच व्याख्या बदलली. दूरसंचाराशी संबंध नसलेलं उत्पन्न त्यातून वगळलं, पण तेही त्या दिवसापासून पुढे. मागचं देणं तसंच राहिलं.

कंपन्यांनी आधीच पैसे बाजूला का ठेवले नाहीत, हा सवाल रास्त आहे. निकाल विरोधात जाऊ शकतो हे त्यांना कळायला हवं होतं. पण १९९९ च्या धोरणातल्या एका शब्दाचा अर्थ पक्का व्हायला वीस वर्षं लागली, हे मला जास्त गंभीर वाटतं. तो पहिल्या वर्षीच पक्का झाला असता, सरकारच्या बाजूने झाला असता, तरी कंपन्यांनी तो दरात धरला असता. इतकं मोठं देणं एकदम अंगावर आलं की नव्या गल्लीत केबल टाकण्याचा प्रस्ताव बाजूला पडतो, आणि बँकाही हात आखडता घेतात.

परवाना शुल्क आजही कमाईच्या ८ टक्के आहे. त्यातले ५ टक्के डिजिटल भारत निधीत जातात. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेटला पैसा मिळतो तो याच निधीतून. म्हणजे ठाण्यातल्या बिलातला थोडा वाटा शहापूर-मुरबाडसारख्या भागांतल्या गावांपर्यंत केबल नेण्याच्या कामी येतो. हा कर मला योग्य वाटतो, कारण त्या गावांत नुसत्या नफ्याच्या आशेने कुणी खड्डा खणणार नाही.

रस्ता कुणाचा, परवानगी कुणाची

आता खाली रस्त्यावर येऊ. नवी मुंबईत एक केबल औद्योगिक पट्ट्यातून खारघरपर्यंत न्यायची आहे असं समजा. टीटीसी हा औद्योगिक पट्टा एमआयडीसीचा, पुढचे नोड, म्हणजे वसाहती, नवी मुंबई महापालिकेचे, खारघर २०१६ पासून पनवेल महापालिकेत, आणि सिडकोच्या ताब्यातल्या जागा मध्येमध्ये आहेतच. सायन-पनवेल महामार्ग ओलांडायचा तर सार्वजनिक बांधकाम विभाग. रूळ ओलांडायचे तर रेल्वे. खाडीकाठी कांदळवन लागलं तर वन विभाग. ठाण्यात घोडबंदर रोडला मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून त्यात आणखी एका यंत्रणेची भर पडली, आणि वाहतूक पोलिसांची परवानगी तर लागतेच. प्रत्येकाचा अर्ज, अनामत आणि दर निराळे.

त्यात आपला पाऊस. पावसाळा तोंडावर आला की महापालिका रस्ते खोदायला बंदी घालतात, ती पावसाळा सरेपर्यंत. बंदी बरोबरच आहे. पण एप्रिलमध्ये सही व्हायची फाइल जूनमध्ये निघाली, तर काम दोन महिन्यांनी पुढे जात नाही, दिवाळीपर्यंत लांबतं. तोवर कर्जाचं व्याज चढत राहतं.

केंद्राने यावर उपाय केले नाहीत असं नाही. २०१६ च्या राइट ऑफ वे नियमांनी अर्जाचं प्रशासकीय शुल्क किलोमीटरला जास्तीत जास्त १,००० रुपये ठरवलं. ६० दिवसांत निर्णय दिला नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं. २०२२ मध्ये अर्जांसाठी गतिशक्ती संचार हे एकच पोर्टल सुरू झालं. मग १८८५ च्या तार कायद्याच्या जागी दूरसंचार कायदा, २०२३ आला, आणि त्याखालचे नवे राइट ऑफ वे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत.

पण नियम वाचताना एक मेख लक्षात घ्यावी. मर्यादा आहे ती अर्जाच्या शुल्कावर. रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च त्यात नाही, आणि खरा पैसा तिथेच जातो. शिवाय मुदत उलटली म्हणून ‘परवानगी मिळाली असं समजून’ कुणी ठेकेदार भर रस्त्यात यंत्र उभं करत नाही. वॉर्डातला अभियंता येऊन काम थांबवेल ही भीती त्याला असते, आणि थांबलेल्या कामाची मजुरी त्याच्याच खिशातून जाते.

महापालिकेने रस्ता फुकट का द्यावा?

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. खोदलेला रस्ता नीट बुजवला नाही तर खड्ड्यात दुचाकी आपटते ती आपल्यासारख्या माणसाची. रस्ता होता तसा करण्याचा पुरेपूर खर्च कंपनीकडून घ्यायलाच हवा. पण तो प्रत्यक्ष खर्चाइतका असावा आणि आधी जाहीर केलेला असावा. महापालिकेच्या उत्पन्नाचं साधन म्हणून तो आकारायला लागलो, की कंपनी तो पैसा टॉवरवाल्या रस्त्यावर सहज वसूल करते आणि गल्लीला वगळते.

खोदाई कशी होते ते रात्री उशिरा बघायला मिळतं. आडवं ड्रिलिंग करणारं यंत्र एका खड्ड्यातून आत जातं आणि पुढच्या खड्ड्यात बाहेर येतं. मग प्लास्टिकच्या पाइपचं भलंमोठं वेटोळं उलगडत आत ओढलं जातं आणि केबल त्यातून जाते. यंत्राच्या वाटेत पाण्याची मुख्य वाहिनी, गॅसची पाइपलाइन, महावितरणची केबल, काहीही येऊ शकतं, कारण जमिनीखाली काय कुठे आहे याचा पक्का नकाशा बहुतेक ठिकाणी नसतो. खोदण्यापूर्वी इतर यंत्रणांना कळवता यावं म्हणून केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं ते याचसाठी. जेसीबीने फायबर तोडलं, की तंत्रज्ञ रस्त्याच्या कडेला बसून एकेक धागा सोलतो, रंगाला रंग जुळवतो, निळ्याला निळा, केशरीला केशरी, आणि जोडयंत्रात धरून वितळवून जोडतो. अशा ९६ धाग्यांची केबल असेल तर अख्खी रात्र जाते. हा सगळा खर्च शेवटी कुणाच्या तरी बिलात येतोच.

ठाण्यातले अनेक रस्ते गेल्या काही वर्षांत काँक्रीटचे झाले. काँक्रीट ओतण्याआधी दोन रिकामे पाइप खाली टाकून ठेवले, तर पुढच्या वीस वर्षांत कुठल्याही कंपनीला तो रस्ता फोडावा लागणार नाही. असे सामायिक डक्ट उभारायची तरतूद २०२३ च्या कायद्यात आहे. पाइप महापालिकेचा, कंपन्यांनी भाडं भरायचं, सगळ्यांना एकच दर. दहा वर्षांत मिळणारं हे भाडं एकदाच घेतलेल्या खोदाई शुल्काहून महापालिकेच्या जास्त फायद्याचं ठरेल, असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक नव्या रस्त्याच्या निविदेत ही अट नगरसेवकांनी आग्रहाने घालून घ्यावी.

सोसायटीचं गेट

केबल फाटकापर्यंत आली तरी काम संपत नाही. २०२३ च्या कायद्यात सार्वजनिक जागेसाठी परवानगीची पद्धत आहे, पण खासगी जागेत आधी मालकाशी बोलून करार करावा लागतो. सोसायटी ही खासगी जागा. कमिटी एनओसी देताना एखाद्या कंपनीकडून वार्षिक रक्कम घेते आणि बाकीच्यांना आत सोडत नाही, असं होऊ शकतं. सोसायटीच्या खात्यात चार पैसे येतात, पण रहिवाशांच्या हातातली निवड जाते आणि महिन्याच्या बिलातून त्याहून जास्त निघून जातं. इमारतीत एकाच कंपनीची मक्तेदारी असू नये, अशी शिफारस ट्रायने जानेवारी २०१७ मध्येच केली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीचे तारे देण्याचे नियमही केले. घर घेताना पार्किंग किती हे जसं विचारतो, तसं इमारतीला तारे किती मिळालेत हेही आता विचारता येईल.

एकाने टाकलेली केबल सगळ्यांनी वापरली तर?

यावर जगभर वाद आहे. जुन्या कंपनीची तांब्याची तार घराघरात आधीच पोचलेली असते. ती नव्या कंपन्यांना भाड्याने द्यायला लावली तर स्पर्धा लगेच सुरू होते. ट्रायने २००४ मध्ये हेच सुचवलं होतं. त्या वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणाने मात्र सक्ती केली नाही, कंपन्यांनी आपसात ठरवावं म्हटलं. २०१० पर्यंत २ कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचं उद्दिष्ट होतं, प्रत्यक्षात मजल सुमारे निम्म्यावर थांबली. ठाणे-नवी मुंबईच्या घराघरात तेव्हा एमटीएनएलची तार होती. ती संधी हातची गेली, असं माझं मत आहे.

पण तोच उपाय नव्या फायबरला सरसकट लावता येत नाही. तांब्याची तार सरकारी पैशाने कधीच टाकून झालेली होती. फायबर अजून टाकायचं आहे. मी पैसा घातला आणि दुसऱ्या दिवशी नियामकाने ठरवलेल्या स्वस्त दरात ते प्रतिस्पर्ध्याला द्यावं लागणार असेल, तर मी दुसऱ्या कुणीतरी आधी खोदायची वाट बघत बसेन. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या नियामकाने दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. ओपनरीच या जुन्या जाळ्याच्या कंपनीने आपले डक्ट आणि खांब प्रतिस्पर्ध्यांना वापरू द्यायचे, ही सक्ती. नव्या फायबरच्या घाऊक दरांवर मात्र किमान दहा वर्षं खर्चावर आधारित मर्यादा आणण्याचा विचार नाही, हे २०२१ मध्येच सांगून टाकलं. तेव्हा पूर्ण फायबर चौथाईच्या थोड्या जास्त घरांपर्यंत होतं, २०२४ मध्ये ते दोन तृतीयांशांच्या वर गेलं. श्रेय फक्त नियमाचं नाही आणि तिथल्या काही लहान कंपन्या आज कर्जात आहेत, हेही खरं. पण खड्डा सामायिक आणि त्यातली केबल ज्याची त्याची, ही विभागणी मला आपल्याकडेही पटते.

मग सरकारने दर बांधून द्यावेत का?

१९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आठवा. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरू रस्त्यावर येऊ नये म्हणून भाडी गोठवली, आणि त्या वेळी ते गरजेचंच होतं. पण गोठलेलं भाडं पुढे दशकानुदशकं तसंच राहिलं. डागडुजीचा खर्च वाढत गेला, मालकांनी हात काढून घेतला आणि जुन्या चाळींच्या गॅलऱ्यांना टेकू लागले. ब्रॉडबँडचा दर तसा गोठवला तर आज बिल कमी येईल, पण जुनाट केबल बदलायला कुणी येणार नाही.

आपल्याकडे किरकोळ दर बऱ्याच काळापासून बाजारावर सोडलेले आहेत. कंपनीने योजना आणली की ती ट्रायला कळवायची, एवढंच. जिथे स्पर्धा आहे तिथे हे पुरेसं आहे. जिथे एकच कंपनी आहे तिथे दर बांधण्याआधी दुसरीला आत येण्यातली अडचण दूर करावी.

नेट न्यूट्रॅलिटीमुळे गुंतवणूक आटते का?

नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे कंपनीने सगळ्या वेबसाइटना सारखी वागणूक देणं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने वेबसाइटगणिक वेगळे डेटा दर लावायला बंदी केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ बाजारात उतरली आणि पुढची वर्षं मोठ्या खर्चाची गेली. म्हणजे त्या नियमाने पैसा पळून गेला, असं आपल्याकडे तरी दिसलं नाही. अमेरिकेत हाच नियम २०१५ मध्ये आला, २०१७ मध्ये गेला, २०२४ मध्ये परत आला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने रद्द केला. दोन्ही बाजू आपापले अभ्यास दाखवतात. मला त्या नियमापेक्षा दहा वर्षांतल्या या चार कोलांट्यांची काळजी जास्त वाटते.

फाइव्ह-जी आल्यावर वायर कशाला?

कारण टॉवरलाही वायर लागते. मोबाइलपासून टॉवरपर्यंत हवा, पुढे फायबर. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणाने किमान ६० टक्के टॉवर फायबरला जोडायचं ठरवलं होतं. टॉवरपर्यंतचा खड्डाही त्याच रस्त्यात आणि त्याच परवानगीने खणावा लागतो.

कंपन्या नफ्यात असताना सवलती कशाला?

सवलत द्या असं मी म्हणतच नाही. परवाना शुल्क घ्या, रस्त्याचा पुरेपूर खर्च घ्या, सेवा बिघडली तर दंड लावा. ट्रायचे सेवा-गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत, ते काटेकोर राबवा. मोठी कंपनी गुंतागुंतीच्या परवानग्यांतूनही वाट काढते, तिच्याकडे वकील असतात, माणसं असतात. अडतो तो परवाना घेऊन दोन वॉर्डांत सेवा देणारा छोटा इंटरनेटवाला. त्याला अर्ज परवडत नाही, म्हणून त्याची केबल झाडावरून जाते आणि महापालिकेच्या मोहिमेत कापली जाते. सामायिक डक्टमधली जागा जाहीर दराने मिळाली, तर सगळ्यात आधी तो रांगेत उभा राहील.

ज्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत, त्यांच्या रहिवाशांनी विकासकाशी करार करतानाच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. रस्त्यापासून तळघरापर्यंत किमान दोन रिकामे पाइप, प्रत्येक मजल्यापर्यंत विजेच्या तारांपासून वेगळा शाफ्ट, आणि कोणत्याही परवानाधारक कंपनीला सारख्याच अटींवर प्रवेश. बांधकाम चालू असताना याचा खर्च फारसा जाणवत नाही. इमारत उभी राहिल्यावर मात्र भिंती फोडाव्या लागतात.